मी ठीक आहे, पण नावं वाचायला जाणारच

कोलोरॅडो स्प्रिंग्ज,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. थंडी पडलीय, स्वेटर घालते, जेवणही वेळेवर होतं.

बाबा, दुकानाच्या दारावर पिस्तुलावर लाल काट मारलेलं चित्र कशासाठी, असं तुम्ही विचारलंत. इथे माणूस कमरेला उघड पिस्तूल लावून किराणा आणायला जाऊ शकतो. राज्याच्या राजधानीत, डेन्व्हरमध्ये बंदी आहे, आमच्या गावात नाही. कपड्याखाली लपवून बाळगायचं तर शेरीफचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, परवाना लागतो, उघड असेल तर लागत नाही! म्हणून ज्याला दुकानात पिस्तूल नको असेल, त्याने दारावर चित्र लावायचं. विकत घेताना नोंदी तपासतात, २०२३ पासून तीन दिवस थांबावंही लागतं. तरी परवा रांगेत माझ्या पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल आणि हातात दुधाचा कॅन होता, आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आई, आता तुझा प्रश्न. 'त्या लोकांत' मी का जाते? त्यांच्यातलीच एक ऑफिसात माझ्या शेजारी बसते. ती ट्रान्स आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंदलेली, पण खरी बाई. मी नवीन होते, गाडी नव्हती, तेव्हा बँकेत, डॉक्टरकडे तीच घेऊन जायची. जेवायला गेलो की ती आधी मागचं दार कुठे आहे ते बघते, मग पुढच्या दाराकडे तोंड करून बसते. मेन्यू नंतर.

कारण याच गावातलं आहे. १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री क्लब क्यू नावाच्या नाइटक्लबमध्ये एकाने गोळीबार केला. तिच्यासारख्यांना निर्धास्त बसता येईल अशी ती जागा होती. पाच जण गेले, त्यांतले दोघे ट्रान्स. मारेकऱ्याला जन्मठेपा झाल्या. पण त्याला आदल्या वर्षीच धमकी दिल्याबद्दल अटक झाली होती. धोकादायक माणसाकडची शस्त्रं कोर्टाकडून काढून घेता येतील असा कायदाही होता, पण तो कुणी वापरला नाही. हे मला अजून पचत नाही.

अमेरिकेत दरवर्षी ज्या ट्रान्स व्यक्तींचे खून होतात, त्यांतल्या बहुतेकांना गोळी घातलेली असते. आजवरचे मिळून निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रिया आहेत. मारणारा पुष्कळदा ओळखीचा, कधी जोडीदारच. त्यामुळे 'रात्री बाहेर पडू नये' हा तुझा सल्ला त्यांच्या कामाचा नाही गं. 'गर्दीवर गोळीबार ट्रान्स लोकच करतात' हा काकांनी पाठवलेला मेसेजही खोटा आहे: असे गोळीबार करणारे जवळजवळ सगळे ट्रान्स नसलेले पुरुष असतात. काकांना हे सांगाच.

अशा बळी गेलेल्या ट्रान्स व्यक्तींची नावं १९९९ पासून दरवर्षी २० नोव्हेंबरला सभेत वाचतात. पोलिसांच्या कागदात, कधी घरच्यांनी दिलेल्या निधनवार्तेतही जुनंच नाव छापलं जातं. इथे ज्या नावाने ती जगली, तेच घेतात. यंदा मीही वाचली. उच्चार चुकू नयेत म्हणून मैत्रिणीने आदल्या रात्री माझ्याकडून घोकून घेतले. नावापुढे वय असतं. विशी, पंचविशी. वाचताना आवाज फुटेना. क्लब क्यूत गेलेल्या केली लव्हिंगच्या नावाने यंदा राज्यात कायदाही झाला, माणूस स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्याचा मान ठेवायला लावणारा. ट्रान्स नसलेली माणसं अशा वेळी नुसती शेजारी उभी राहिली तरी फरक पडतो, हे मी बघितलंय. म्हणून जाते. हॉलच्या दाराशी आमचेच लोक पहाऱ्याला होते, तेव्हा घाबरू नका.

बरं, पैसे. या महिन्यात कमी आले असतील. एका मुलीच्या अंत्यसंस्काराच्या वर्गणीत दिले. तिच्या घरच्यांनी हात वर केले होते. दादाच्या हप्त्याच्या वेळीच हे झालं, याचं वाईट वाटतं. पुढच्या पगाराला भरून काढते.

आणि ते स्थळ. आत्या म्हणाली, सभेतला माझा फोटो बघून त्यांनी 'मुलगी त्यांच्यातली आहे का' असं विचारलं. सांगा, नाही, पण त्यांची मैत्रीण आहे आणि लग्नानंतरही राहणार आहे. चालत असेल तर पुढे बोलू. आई, रागावू नकोस.

बाबा, डोळ्याचं ऑपरेशन मात्र पुढे ढकलू नका. मी जवळ नसणार, ते सारखं मनात येतं. दादाला रजा घ्यायला सांगा, आणि घरी आल्या आल्या व्हिडिओ कॉल करा, इथे कितीही वाजलेले असोत.

तुमची,
लेक