कॅरल त्या घरापुढे थांबली नाही

महोदय,

आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीसेक. टिनाच्या छताचं लहानसं चर्च आहे. डावीकडे बायकांच्या सतरंज्या, उजवीकडे पुरुषांच्या, बसण्याचा एवढाच नियम होता. आता पेटीजवळ एका पक्षाचे बसतात आणि दाराजवळ दुसऱ्या.

सुरुवात झाली 17 नोव्हेंबर 2024 च्या रविवारी. विधानसभेचं मतदान तीन दिवसांवर आलं होतं. उपासना संपायच्या आत एका उमेदवाराची माणसं गळ्यात दुपट्टे घालून आली, आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देतो म्हणाली आणि आमच्या कमिटीतल्याच एकानं त्यांच्या हाती माईक दिला. दुसऱ्या पक्षाचं काम करणारी चार घरं तिथूनच उठून गेली. 23 तारखेला निकाल लागला. दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर जिंकलेले म्हणत होते, देवानं कोणाला निवडलं ते पाहिलं ना? हरलेले म्हणाले, तुम्ही विश्वास विकला. चर्चमध्ये एकाच ताटातून प्रभूभोजनाची भाकर घेणारी माणसं ही.

मग नाताळ आला. 24 डिसेंबरच्या रात्री आमची कॅरल, म्हणजे नाताळची गाणी गात फिरणारा घोळका, ढोलकी-झांजा घेऊन दरवर्षी प्रत्येक ख्रिस्ती घरापुढे थांबते. त्या चार घरांतल्या एका घरी सत्तरी ओलांडलेली काकू आहे. तिचा मुलगा त्या पक्षाचा बूथ सांभाळत होता, एवढाच तिचा गुन्हा. तिनं ओसरीवर कंदील लावला होता. परातीत चिवडा, त्यावर झाकण, शेजारी पालथे मांडलेले कप. आमचा घोळका तिच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि न वळता सरळ पुढे गेला. ढोलकी माझ्या गळ्यात होती. मी थांबलो असतो तर सगळे थांबले असते. मी थांबलो नाही. सकाळी तिच्याकडे गेलो तेव्हा कप तसेच पालथे होते. तिनं चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, "रस्ता चुकले का रे बाबू?"

ख्रिस्ती माणसानं राजकारणापासून दूर राहावं असं माझं म्हणणं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्या आदेशात 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना घेतलं, आम्ही अजून बाहेर आहोत. हा प्रश्न राजकारणातूनच सुटेल. कापसाच्या भावाचंही तेच. कोणता पक्ष हे करील यावर आमच्यात दोन मतं असणारच, आणि पारावर बसून त्यावर खुशाल भांडावं. पण धार्मिक स्थळाचा वापर पक्षप्रचारासाठी करायला 1988 च्या कायद्यानं मनाई आहे. तो कायदा नसता तरी, ज्या जागेवरून बायबलचं वचन वाचलं जातं तिथून मत मागणं मला सहन झालं नसतं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती पंथ, एक होऊन उत्तर भारतीय चर्च उभं राहिलं. माझे वडील तो सोहळा पाहायला एसटीनं गेले होते. बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत येण्याचा पाण्याचा संस्कार, तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, यावर ख्रिस्ती जगात शतकानुशतकं फूट पडलेली. त्या सहांमध्ये दोन्ही मतांचे लोक होते. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या आणि एकत्र आले. त्यांनी एवढं मोठं भांडण मिटवलं. आम्ही पेव्हर ब्लॉकवरून मोडलो.

बायबलमध्ये आहे, करिंथ शहरातल्या मंडळीत कोणी मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोसाचा असं आपापल्या गुरूचं नाव घेऊन म्हणू लागलं, तेव्हा प्रेषित पौलानं आधी स्वतःचं नाव घेणाऱ्यांनाच सुनावलं. म्हणून हेही लिहितो की त्या रविवारी ज्यांच्या हाती माईक गेला, तो माझाच पक्ष. मीही त्यालाच मत दिलं. माझ्या बाजूच्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, यापुढे आपला असो की दुसऱ्याचा, दुपट्टा घातलेल्या कोणालाही आत माईक देऊ नका. आवारासाठी निधी हवा असेल तर सर्वांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. आणि येत्या नाताळात कॅरल काकूच्या ओसरीपासून सुरू करू. ढोलकी मी आणतो.

– मंडळीचा एक सभासद, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा