आपणहून भरलेला कर

प्लेनो, टेक्सास
9 डिसेंबर 2025

ती. दादा,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "कुणी मागितलेला नसताना कर आपणहून का भरताय?" तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली आणि बोलणं अर्धवट राहिलं. तू आयुष्यभर बँकेत हिशेब बघितलेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

यांचे नोकरीतले पैसे फोर-ओ-वन-के म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात साठले आणि निवृत्तीनंतर आयआरए म्हणजे स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात आले. ते घालताना कर लागला नव्हता, म्हणून काढताना मुद्दल आणि वाढ दोन्हींवर लागतो. तुझ्या पीपीएफमध्ये शेवटी हातात येतं ते सगळं आपलं. त्याच्या जवळ जाणारं इथलं खातं म्हणजे रॉथ, सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं, 1998 पासूनचं. जुन्या खात्यातून त्यात रक्कम वळवली की ती त्या वर्षाचं उत्पन्न धरतात. तोच कर आम्ही भरतोय. पुढं मात्र त्यावर कर नाही.

आता घाई कशाला? यांचा जन्म 1958 चा. वयाच्या 73 व्या वर्षापासून जुन्या खात्यातून दरवर्षी ठरलेली रक्कम काढावीच लागते, गरज असो वा नसो. पहिल्या वर्षी शिल्लक भागिले 26.5. पाच लाख डॉलर असतील तर जवळजवळ 18,900. स्वतःच्या रॉथ खात्याला ही सक्ती नाही. पगार थांबलाय, सोशल सिक्युरिटी म्हणजे इथलं सरकारी पेन्शन हे सत्तरीला घेणार, सध्या आम्ही बँकेतल्या बचतीवर राहतो. आमचं उत्पन्न इतकं कमी पुन्हा कधी असणार नाही.

पण माझं मन वळलं ते दुसऱ्याच आकड्यानं. यंदा नवराबायकोचं करपात्र उत्पन्न 96,950 डॉलरपर्यंत 12 टक्क्यांत बसतं, त्यापुढं एकदम 22. एकट्या माणसाला हीच मर्यादा 48,475. बरोबर निम्मी. दोघांतलं एक गेलं तरी खात्यातले पैसे तेवढेच राहतात, सक्तीनं काढायची रक्कमही फारशी घटत नाही, आणि मागे राहिलेल्याला मात्र वरच्या दरानं कर. बाबा गेल्यावर आई पासबुकं पिशवीत घालून या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरायची, ते मी विसरले नाही. यांच्यामागं मला किंवा माझ्यामागं यांना तसं व्हायला नको.

2021 मध्ये आमची चूक झाली. उत्साहाच्या भरात एकाच वर्षी फार मोठी रक्कम वळवली. मेडिकेअरचा, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो हे ध्यानात आलं नाही. 2023 मध्ये हे 65 चे झाले आणि पहिल्याच पत्रात वाढीव हप्ता. वळवलेली रक्कम परत जुन्या खात्यात नेता येत नाही, 2018 पासून ती सोय बंद आहे. पूर्ण वर्षभर तो हप्ता भरला. शिवाय तेव्हा कर त्याच रकमेतून कापून दिला, म्हणजे जुन्या खात्यातून काढले त्याहून कमी पैसे रॉथमध्ये पोचले. आता कर बँकेतल्या बचतीतून भरतो आणि दरवर्षी 12 टक्क्यांची मर्यादा भरेल एवढंच वळवतो. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, तेवढी सुटका.

ज्यांना हे पैसे दोनचार वर्षांत खर्चाला लागणार आहेत किंवा कर भरायला बाजूला रोख नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर यांनी 31 डिसेंबरला लाल चौकट केलीय. यंदाची रक्कम त्याच्या आत वळायला हवी, कर भरायच्या मुदतीसारखी एप्रिलपर्यंत सवलत नाही. त्याच दिवशी यांच्या पहिल्या रॉथ खात्याला पाच वर्षं पुरी होतात. म्हणजे 1 जानेवारीपासून त्यातली वाढसुद्धा करमुक्त काढता येईल.

रोज रात्री जेवण झालं की हे वही उघडून मला एकेक खातं समजावतात, मीही पेन्सिलीनं बेरीज करून बघते. तूही तुझ्या पीपीएफला आणि ठेवींना वहिनींचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय का ते एकदा बघून घे, आणि त्यांना शेजारी बसवून बघ.

फेब्रुवारीत येतोय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी