अल्पवयीन आरोपी: गोम ‘किमान’ शब्दात

महोदय,

नाशिकच्या सिडको-पंचवटीकडे कोयता चालला आणि आरोपी सतरा वर्षांचा निघाला, की ‘तो सुटणारच’ असे सरसकट बोलले जाते. कायदा तसा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा आणि वय 16 ते 18 असेल, तर बाल न्याय मंडळ कलम 15 खाली मुलाची क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासते. मग प्रौढ म्हणून खटला चालवण्यासाठी प्रकरण बालक न्यायालयात जाऊ शकते. फाशी मात्र तिथेही नाही.

गोम ‘किमान’मध्ये आहे. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा ठरलेलीच नाही. म्हणजे जखमी वाचला, तर निव्वळ त्या कलमावर मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केले. दुरुस्ती संसदेनेच करायची. मंडळावर राग काढून काय होणार?

मंडळाच्या कलम 15 खालच्या तपासणीला पहिल्या हजेरीपासून तीन महिने मिळतात. वयासाठी आधी शाळेचा दाखला, नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, शेवटी हाडांची चाचणी. तिच्यात दोन वर्षे इकडे-तिकडे होतात, सोळाच्या उंबरठ्यावर ती कुचकामी. म्हणून पोलिसांनी दाखला पहिल्याच दिवशी जोडावा. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञ घेणे 2022 च्या निकालाने बंधनकारक आहे. तासाभराच्या गप्पांवर मुलाचे मन कळत नाही. नाशिकच्या मंडळाला कायमस्वरूपी बालमानसतज्ज्ञ द्यावा.

– एक वकील, गंगापूर रोड, नाशिक