आमच्या गावचे विकास शुल्क आमच्याच गावात खर्च व्हावे

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावात मी राहतो. आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीचा मी सचिव आहे. पहाटे पावणेसहाला पहिला टँकर रिव्हर्स घेत गेटमधून आत येतो आणि पहिल्या मजल्यावरची लहान मुले त्या आवाजाने उठतात. वॉचमन जमिनीखालच्या टाकीचे झाकण काढून काठी बुडवतो, पाणी कुठवर आहे ते पाहतो, मग रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ड्रायव्हरची सही घेतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ-नऊ टँकर लागतात. लिफ्ट, वीज, सफाई आणि सुरक्षा यांचा सगळा खर्च एकत्र केला तरी पाण्याचा आकडा त्याहून मोठा निघतो.

गेल्या वर्षी माहितीच्या अधिकारात आमच्या इमारतीच्या परवानगीची फाइल पाहिली. तिच्यात दोन कागद एकामागोमाग एक लावलेले होते. पहिला कागद विकास शुल्क, म्हणजे बांधकाम परवानगी घेताना सार्वजनिक सुविधांसाठी भरायची रक्कम, पूर्ण भरल्याचे चलन. दुसरा बिल्डरचे स्टॅम्प पेपरवरचे हमीपत्र : नळाचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना टँकरने पाणी देण्याची जबाबदारी माझी. चलनातले पैसे जमा होऊन बारा वर्षे झाली. इमारत सोसायटीच्या ताब्यात आली, तशी हमीपत्रातली जबाबदारीही आमच्याच गळ्यात आली. आणि चलन बिल्डरच्या नावाचे असले तरी ते पैसे फ्लॅटच्या किमतीतून आम्हीच दिले, हे सांगायला कोणी हिशेबनीस लागत नाही.

हे पत्र या दोन कागदांमधल्या पोकळीबद्दल आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली विकास शुल्काचे प्रकरण घातले गेले. पुढे शुल्काचा दर रेडीरेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या किमतीशी बांधला गेला आणि व्यापारी वापराला निवासीपेक्षा जास्त ठेवला गेला. हे पैसे वेगळ्या निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवर खर्च करावेत, असे कलम १२४-जे सांगते. तरतूद चांगलीच आहे. पण वेगळा निधी म्हणजे परवानगी देणाऱ्या अख्ख्या प्राधिकरणाचा मिळून एकच निधी. कोणत्या गावातून किती आले आणि त्या गावात किती परतले, हे सांगण्याचे बंधन कोणावरच नाही. त्यामुळे इमारती कडेच्या गावांत उभ्या राहतात आणि पैसा कुठे जातो ते कळत नाही.

जिथे दोन संस्था येतात तिथे गुंता आणखी वाढतो. पुण्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ३० जून २०२१ रोजी २३ गावे महापालिकेत आली, आणि पुढच्याच महिन्यात त्याच गावांसाठी पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. नकाशा मंजूर करणारा एक आणि पाणी, ड्रेनेज, कचरा पाहणारा दुसरा, अशी विभागणी झाली. शुल्क एकीकडे जमा होणार असेल आणि खड्डा दुसऱ्याने खणायचा असेल, तर मधल्यामध्ये रहिवाशाचेच हाल होतात.

पैसा एका कामाशी बांधणे शासनाला जमत नाही, असेही नाही. मेट्रोसारख्या मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी हेच शुल्क दुप्पट करण्याची सोय याच कायद्यात केली गेली. नगररचना योजनेत तर ज्याच्या जमिनीची किंमत वाढली त्याच्याकडून वाढीचा वाटा घेऊन त्याच योजनेतले रस्ते आणि सुविधा करण्याची पद्धत आहे, आणि मुंबई प्रांतात तिचा पहिला कायदा १९१५ चा. म्हणजे विचार आपल्या मातीतला, शंभर वर्षांहून जुना.

म्हणून माझी मागणी कलम १२४-जे मध्ये दुरुस्ती करण्याची आहे. प्रत्येक गावाचे किंवा प्रभागाचे विकास शुल्क स्वतंत्र खात्यात दाखवावे. त्यातला मोठा हिस्सा आधी त्याच गावाच्या जलवाहिनीवर आणि ड्रेनेजवर खर्च व्हावा. परवानगी देणारी संस्था वेगळी असेल, तर पैसे ठरलेल्या मुदतीत सेवा देणाऱ्या संस्थेकडे जावेत. जमा-खर्च दर सहा महिन्यांनी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागावा. आणि टँकरच्या हमीपत्रावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याचा दाखला, देणे बंद व्हावे. जिथे पाणी पोहोचायला पाच वर्षे लागणार आहेत, तिथे घर घेणाऱ्याला ते करारनाम्याआधी लेखी कळले पाहिजे.

एक आक्षेप रास्त आहे. ज्या वस्तीत नवीन बांधकाम होत नाही, तिचे शुल्कही जमा होत नाही. मग जुन्या गावठाणांनी आणि झोपडपट्ट्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी निधीचा ठरावीक भाग सामाईक ठेवावाच लागेल. आमच्या शेजारच्या गावठाणात आजही बायका हातपंपावर रांग लावतात. त्यांचे पाणी तोडून आम्हाला पाणी नको आहे.

येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मांडावी, ही कळकळीची विनंती. आमची तीन वर्षांची टँकरची रजिस्टरे, त्यांची बिले आणि त्या फाइलमधल्या दोन्ही कागदांच्या प्रती मी मंत्रालयात घेऊन यायला तयार आहे. आपण एखादा अधिकारी इकडे पाठवणार असाल, तर त्यांना पावणेसहाच्या आधी यायला सांगा. वॉचमनकडे रजिस्टर तयार असेल.

आपला,
एका सोसायटीचा सचिव