रावेर आलं आणि मी उतरले नाही

प्रिय आई, बाबा,

आधी कबुली देते. मागच्या शनिवारी ऑफिसातल्या चौघींबरोबर बऱ्हाणपूरला गेले होते, खास खायलाच. जाताना रावेर आलं, गाडी थांबली आणि मी खिडकीतून बघत बसले. बाबा, तुमचं झाडाखालचं बाकडं रिकामं होतं. मी उतरले नाही. रागावू नका, पुढचं वाचा.

उतरले असते तर काय झालं असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आई पाच जणींसाठी चुलीपुढे बसली असती आणि बाबा भरताची वांगी आणायला पिशवी घेऊन भर उन्हात निघाले असते.

मावा जिलेबी खाल्ली. अजून तशीच आहे, काळपट आणि जाडजूड. बाबा, तुम्ही ड्यूटीवरून येताना आणायचात तेव्हा पाक कागदातून झिरपून खाकी पिशवीला लागायचा आणि दादा न् मी पिशवीचा कोपरा चोखायचो. दराबाही खाल्ला. रवा, साखर, तूप एवढंच, पण इतकं फेटलेलं की जिभेवर ठेवलं की हरवतं. मैत्रिणींना तुमच्या त्या फारुकी सुलतानांचा, खानदेशच्या जुन्या राजांचा, इतिहास ऐकवला. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला इथपर्यंत पोचले, तेवढ्यात त्यांनी आणखी एक प्लेट मागवली.

तुमच्यासाठी किलोभर जिलेबी तोलायला सांगितली होती. पैसे देताना परत ठेवायला लावली. बाबा, तीन महिन्यांची सरासरी शुगर, ती HbA1c, 9.2 टक्के आली आहे. ‘एका तुकड्याने काय होतं’ हे मी तुमच्या तोंडून इतकं ऐकलंय की आता त्यावर विश्वास बसत नाही. स्वतः दोन प्लेटी हाणून तुम्हाला शहाणपण शिकवतेय, हेही कळतंय मला.

आता जे फोनवर बोलवत नव्हतं ते. येताना मी पॅसेंजरने सावद्याला उतरले. तिथे काही बायका मिळून मांडे करतात. आई, या अक्षय्य तृतीयेचे, आपल्या आखाजीचे, पंधरा मांडे मी त्यांना सांगितलेत. आगाऊ पैसेही देऊन आले.

लगेच पत्र खाली ठेवू नकोस. मी उभं राहून बघितलंय सगळं. पीठ कापडातून चाळतात, दोन पुऱ्यांत पुरण भरतात, कोपरापर्यंतच्या हातांवर फिरवून फिरवून वाढवतात आणि खापरावर टाकतात. गॅसवरचा तवा नाही, चूलच. तुझ्याइतके पातळ नाहीत. हे लाडीगोडीने म्हणत नाही, खरंच नाहीत. वेलदोडाही जरा जास्त घालतात.

पण तुझ्या मनगटात पट्टी आहे. डॉक्टरांनी भरली बादलीसुद्धा उचलू नका म्हटलंय आणि तू मांडा झुलवणार? गेल्या आखाजीला सातवा मांडा तुझ्या हातावरच फाटला. तू पदर डोळ्यांना लावलास आणि धूर लागला म्हणालीस. आई, चूल तेव्हा विझत आली होती. मी मागे दारातच उभी होते.

पुरण मात्र तूच शिजवायचंस. तसं बोलून आलेय त्यांच्याशी. दादा आदल्या दिवशी डबा सावद्याला नेईल, तू फक्त जायफळ सांग किती ते. किसणार वहिनी. आमरस तुझा, घागर तुझी, त्यावरचं डांगर, खरबूजही तूच निवड. नैवेद्याचं पान तुझ्याच हातचं. आजी काही म्हणणार नाही. तिने शेवटची तीन वर्षं कोणाकडून मांडे करून घेतले, आठव.

बाबा, तुम्हाला अर्धा मांडा, दुधाशी. आमरस दोन चमचे, आणि आमरस घेतलात तर त्या वेळी भात नाही. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की वाया जातं. घाम सुटला, हात थरथरले तर शुगर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. तेव्हा मात्र गोड खायला माझी परवानगी आहे. सुईचा डबा नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. कूलरमध्ये पाणी सकाळीच भरून घ्या आणि दुपारी बारा ते चार दाराबाहेर पाऊल नाही. मळ्यात दादा जातो, तेवढं पुरे. आईच्या हाताला रात्री शेक द्यायचा, ती नको म्हणाली तरी.

खापर माळ्यावर टाकू नका. मी आल्यावर धुऊन ठेवीन.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येतेय. या वेळी उतरणार आहे. स्टेशनवर घ्यायला यायचं नाही. आलातच, तर बाकड्याच्या सावलीच्या बाजूला बसा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

तुमची,
पिंटी