बाबू, हे पूर्ण वाच मग फोन कर

बाबू,

फोनवर ह्या डेटिंग अ‍ॅपचा विषय काढला की तू "हो गो आई, नंतर बोलू" म्हणून कट करतोस म्हणून लिहितेय. मे महिन्यात तू घरी होतास, मी ओट्याशी कोकमाची भिरंडं फोडत होते, हात मनगटापर्यंत लाल, तुझा फोन तिथेच चार्जिंगला आणि स्क्रीन उजळली, ती टिंडरची ज्योत आणि कुणीतरी तुला लाइक केलंय म्हणून. मी हात पुसले आणि फोन पालथा ठेवला. उघडला नाही, शप्पथ.

रागावलेले नाही रे. एकोणीस वर्षांचा आहेस, आमच्या वेळी जत्रेत कालो बघायच्या निमित्ताने जे चालायचं तेच आता फोनवर, फक्त तिथे अख्खा गाव असायचा, कोण कुणाचा ते ठाऊक असायचं. इथे समोर कोण आहे तेच माहीत नाही, माझा जीव तिथे अडकतो.

ऑफिसातल्या एका मुलीकडून मी सगळं समजून घेतलं. टिंडर 2012 चं, फोटो बघायचा आणि नको तर डावीकडे सरकवायचा, आवडला तर उजवीकडे. बंबल 2014 मध्ये आलं, पहिला मेसेज मुलीने करायचा असा त्यांचा मूळ नियम, आता जरा सैल केलाय म्हणे. आणि हिंजवाले स्वतःच सांगतात की आमचं अ‍ॅप डिलीट व्हावं म्हणूनच बनवलंय, म्हणजे टिकणारं काही हवंय असे लोक तिथे जास्त. तर तुला सध्या कॅज्युअलच हवं असेल तर तिथे जाऊन कुणाच्या मुलीला आशेला लावू नकोस. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. काय शोधतोयस ते प्रोफाइलमध्ये लिहायची सोय असते, तिथे खरं लिही, आणि भेटल्यावर तोंडानेही सांग. ती नाही म्हणाली किंवा भेटल्यावर तिचं मन बदललं तर तिथेच थांबायचं, का म्हणून विचारत बसायचं नाही.

आपला गोवा तर आणखी वेगळा. पणजी-कळंगुटकडे अ‍ॅप उघडलंस की कितीतरी जण सुट्टीला आलेले, सोमवारी फ्लाइट पकडून गेले. दोघांना ते माहीत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण डिचोलीला घरी आलास की अ‍ॅपवर आसपासच्या दहा किलोमीटरांत कोण दिसणार? वर्गातली, शेजारची, कदाचित मावशीची लेकसुद्धा! टिंडरमध्ये ओळखीचे नंबर ब्लॉक करता येतात, ते आधी करून घे. हॉस्टेलचं नाव, कॉलेजचं आयडी असलेला फोटो टाकू नकोस. 2014 साली संशोधकांनी दाखवून दिलं होतं की टिंडरच्या अंतराच्या आकड्यांवरून माणूस नेमका कुठे आहे ते काढता येत होतं. नंतर ते दुरुस्त झालं, पण लोकेशन आपलं आपण सांभाळायचं.

पहिली भेट दिवसाउजेडी, मिरामारला किंवा अशाच गर्दीच्या ठिकाणी, आणि जागा तू ठरव. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या भाच्याला मुंबईत अ‍ॅपवर जुळलेल्या एका मुलीने "ह्याच कॅफेत ये" म्हणून बोलावलं, ती फोन आला म्हणून बाहेर गेली ती गेलीच, आणि ह्याच्यासमोर हजारोंचं बिल, दाराशी दोन धिप्पाड माणसं. बिचाऱ्याने घरी दोन महिने सांगितलं नाही.

आणि ते व्हिडिओ कॉलचं. ओळख झाली न झाली की कपडे काढायला लावतात, रेकॉर्ड करतात, मग पैसे दे नाहीतर घरच्यांना पाठवतो. असं काही झालंच तर एक रुपया द्यायचा नाही, मेसेज डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढायचे, 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि मला. रात्री दोन वाजता कर. मी काय बघितलं, कुणी काय पाठवलं, त्याचं मला काही वाटणार नाही, तू एकटा खोलीत बसून घाबरलायस ह्याचं वाटेल. बाबांना कसं सांगायचं ते माझं मी बघीन.

सोलं वाळलीत, डबा भरून ठेवलाय. शनिवारी येणार आहेस ना?

आई