सोमवारी ‘दाखवलेल्या’ अजिंठ्याबाबत तक्रार

दि. ६ फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय : दि. १८ ते २० जानेवारी २०२५ ची पुणे–छत्रपती संभाजीनगर वारसा सहल. अजिंठा लेणी न दाखवणे, वाढीव दराचे खोटे कारण सांगणे आणि परतावा नाकारणे.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा विभागाशी काल सायंकाळी झालेले माझे संभाषण हे या प्रकरणातील पाचवे आणि माझ्या बाजूने शेवटचे होते. बावीस मिनिटांपैकी चौदा मिनिटे मी आपले बासरीवादन ऐकले. उरलेल्या आठ मिनिटांत जे ऐकले त्यानंतर हे पत्र थेट आपल्याला लिहिणे भाग पडले आहे. आरक्षण क्रमांक आणि आधीच्या चारही तक्रारींचे क्रमांक पाकिटावर लिहिले आहेत, कारण प्रत्येक वेळी ते नव्याने सांगावे लागतात असा अनुभव आहे.

ही सहल आपलीच असल्यामुळे तिच्यात काय असते हे मी आपल्याला सांगत नाही. मूळ कार्यक्रमात रविवारी, १९ तारखेला अजिंठा होता आणि सोमवारी, २० तारखेला वेरूळ, दौलताबाद व बीबी का मकबरा. हा क्रम ज्याने आखला त्याला अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, हे नक्कीच ठाऊक होते. निघण्याच्या दोन दिवस आधी मात्र आपल्याकडून ‘कार्यवाहीच्या सोयीसाठी’ दोन्ही दिवसांची अदलाबदल केल्याचा संदेश आला. तो वाचताच मी दूरध्वनी करून सोमवारच्या सुट्टीची आठवण करून दिली, तेव्हा ‘आमच्या टीमने सगळं चेक केलंय, मॅडम’ असे उत्तर मिळाले. त्या टीममध्ये एकाकडेही दिनदर्शिका नसावी.

सोमवारी सकाळी सिल्लोड मागे टाकल्यावर आपल्या सहल प्रमुखाला कोणाचा तरी दूरध्वनी आला आणि त्याचा चेहरा उतरला. त्या मुलाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. तो आपल्याकडे लागून दोन आठवडे झाले होते, अजिंठा त्यानेही कधी पाहिलेले नव्हते, आणि चौतीस प्रवाशांसमोर उभे राहून ‘लेणी आज बंद आहेत’ हे सांगण्याचे काम आपण त्याच्यावर टाकलेत. मग घाट उतरण्याआधीच बस व्ह्यू पॉइंटकडे वळवण्यात आली. तिथे कठड्यापाशी उभे राहिले की खाली वाघूर नदीचे घोड्याच्या नालेसारखे वळण दिसते आणि समोरच्या कड्यात ओळीने काळी चौकोनी भोके दिसतात. ती लेण्यांची दारे. जागा सुंदर आहे यात वाद नाही. माझ्यासोबत माझी ७८ वर्षांची मावशी होती. शाळेत असताना तिने एका छापील चित्रावरून अजिंठ्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचे रेखाटन केले होते आणि ते मूळ चित्र एकदा तरी पाहावे एवढ्यासाठीच ती आली होती. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली मावशी कठड्याला हात टेकून बराच वेळ समोर पाहत राहिली आणि मग तिने मला विचारले, ‘यातलं त्याचं दार कोणतं गं?’ मला सांगता आले नाही. पस्तीस मिनिटांनी बस परत फिरली.

आता कालच्या संभाषणाकडे येते. त्यातील शब्द मी बोलणे चालू असतानाच वहीत उतरवून घेतले आहेत, आणि आपणही संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचे सुरुवातीलाच सांगता, तेव्हा पडताळून पाहावे. मी अजिंठा पाहायला मिळाले नाही असे म्हटल्यावर आपले अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, सिस्टममध्ये अजिंठा कव्हर्ड दाखवतंय.’ कव्हर्ड म्हणजे काय, असे मी विचारले. ‘म्हणजे झालंय.’ झालेले नाही, लेणी बंद होती, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘पण तुम्ही व्ह्यू पॉइंटला उतरला होतात ना? तिथून लेणी दिसतात.’ मी म्हणाले, लेण्यांची दारे दिसतात. ‘म्हणजे दिसतात ना, मॅडम.’ यावर काय बोलावे हे मला क्षणभर सुचले नाही, आणि त्या शांततेला माझी संमती समजून त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले, जे मी अक्षरशः देत आहे : ‘तुम्हाला लेणी आतून बघायची होती, तर बुकिंग करतानाच तसं मेन्शन करायला पाहिजे होतं.’

महोदय, माझी चूक मला मान्य आहे. एवढ्या लांब जाऊन लेण्यांच्या आत शिरण्याची माझी विकृत इच्छा मी अर्जात नोंदवायला हवी होती. यापुढे कुठेही पुरणपोळी मागवताना आत पुरणही हवे असल्याचे मी लेखी कळवीन. आपल्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पद्मपाणीचे पानभर चित्र छापलेले आहे. ते चित्र पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशेजारी डावीकडच्या भिंतीवर आहे, म्हणजे अगदी आत. व्ह्यू पॉइंटवरून ते दिसण्याची सोय सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी ते रंगवणाऱ्यांनी केलेली नाही. ते मुखपृष्ठावर छापताना आपण ‘हे बाहेरून दिसणार नाही’ असे मेन्शन करायला पाहिजे होते.

हा अपमान बाजूला ठेवते, कारण पैशांचा प्रश्न वेगळा आहे आणि माझा सारा जन्म हिशेब तपासण्यात गेला आहे. हीच सहल मी नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याकडूनच केली होती, तेव्हा माणशी ३,२०० रुपये दिले होते. यंदा माणशी ७,९०० दिले. आरक्षण करताना मी या वाढीचे कारण विचारले, तेव्हा ‘पुरातत्त्व विभागाने एंट्री फी वाढवली, त्याला आम्ही काय करणार’ असे सांगण्यात आले, आणि तेच कारण आपल्या ईमेलमध्येही आहे. दोन्ही वेळची तिकिटे माझ्याकडे आहेत. २०१७ मध्ये भारतीय पर्यटकाला अजिंठा आणि वेरूळ प्रत्येकी ३० रुपये, दौलताबाद आणि मकबरा प्रत्येकी १५ रुपये होते. २०१८ मध्ये दर वाढून ते अनुक्रमे ४० आणि २५ झाले. रोख न देता ऑनलाइन पैसे भरल्यास त्यात पाच रुपयांची सूटही मिळते. चारही ठिकाणांची मिळून वाढ माणशी ४० रुपये होते. आपली वाढ ४,७०० रुपये आहे. उरलेले ४,६६० रुपये पुरातत्त्व विभागाच्या नावावर कसे टाकले, हे आपल्या लेखा विभागाने मला समजावून द्यावे. शिवाय त्या चाळिसांपैकी अजिंठ्याचे दहा रुपये आपण भरलेलेच नाहीत, कारण लेणी बंद होती. डिझेल महागले, हॉटेले महागली, हे मला दिसते, आणि तसे सांगितले असते तर मी कुरकुर न करता पैसे भरले असते.

अधिक पैसे देऊन अधिक काही मिळाले असते तरीही एक वेळ गप्प बसले असते. २०१७ च्या सहलीत आपल्यासोबत एक माहीतगार गाइड होते. वेरुळात त्यांनी आम्हाला सकाळपासून दुपारपर्यंत फिरवले. दहाव्या लेण्यात, ज्याला तिथले लोक सुतार का झोपडा म्हणतात, छतावरच्या दगडी फासळ्या लाकडी तुळयांची नक्कल आहेत हे त्यांनी दाखवले. तीन मजली बाराव्या लेण्यात वरपर्यंत नेले, आणि शेवटी बत्तिसाव्या लेण्याची इंद्रसभा दाखवली. अजिंठ्यात पहिल्या लेण्यात त्यांनी आम्हाला आधी काही न बोलता दोन मिनिटे उभे केले, डोळे अंधाराला सरावू द्या म्हणाले, आणि मग भिंतीवरचे चेहरे एकेक करून वर येत गेले. मावशीला मी याच आठवणीच्या भरवशावर आपल्याकडे आणले होते.

यंदा गाइडच्या जागी ॲप आहे. फलकावरची खूण मोबाइलने टिपायची आणि कानात बोंडे घालून ऐकायचे. मावशीकडे साधा फोन असल्यामुळे तिच्यासाठी वारसा मुका होता. मी ऐकले तेव्हा आपले ॲप सांगत होते की कैलास मंदिर ‘पायापासून शिखरापर्यंत भव्यपणे बांधत नेले’. हे वाक्य लिहिणाऱ्याने कैलास पाहिलेला नाही किंवा व्ह्यू पॉइंटवरून पाहिला असावा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले ते मंदिर अखंड कड्यातून वरून खाली, शिखरापासून पायाकडे कोरत आणले आहे, आणि सारे आश्चर्य त्यातच आहे. ३४ लेण्यांच्या वेरुळाला आपण सत्तर मिनिटे दिलीत, त्यात स्वच्छतागृहाची रांगही आली. त्याच दिवशी हिमरू शालींच्या दुकानात मात्र एक तास पंचवीस मिनिटे थांबवलेत आणि तिथे माहिती द्यायला ॲप नव्हते, चार माणसे होती. दुकानाला माझा विरोध नाही. हिमरू विणणारे हात जगले पाहिजेत. पण दुकानातला वेळ कैलासापेक्षा जास्त का, हे आपण एकदा आपल्या कमिशनच्या वहीत पाहून मला कळवावे.

सोमवारी संध्याकाळी बस पुण्याला निघाली तेव्हा आम्ही दोघी उतरून राहिलो आणि मंगळवारी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीच्या जळगाव गाडीने अजिंठ्याला गेलो. ७५ वर्षांवरील असल्याने मावशीचा प्रवास मोफत झाला आणि महिलांच्या सवलतीमुळे माझे अर्धे तिकीट लागले. आपल्या वातानुकूलित बसने जे ७,९०० रुपयांत जमले नाही ते लाल डब्याने केले. लेण्यांची दोन तिकिटे ८० रुपयांना पडली. मावशीसाठी डोली ठरवली. पहिल्या लेण्यात चपला काढून आत गेलो तेव्हा गर्दी होती, ढकलाढकलीही होती, दिवे मंद होते आणि तसे ते असलेच पाहिजेत. पद्मपाणीसमोर उभे राहून मावशी पाच मिनिटे काहीच बोलली नाही. मग हवेत तर्जनीने त्याच्या भुवईची रेघ काढली आणि म्हणाली, ‘मी ही जास्त वाकडी केली होती.’ ही पाच मिनिटे आपण विकलीत आणि दिली नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे. दहाव्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेले स्वतःचे नाव रखवालदाराने दाखवले. तोही शिकारीच्या निमित्ताने आला होता आणि लेण्यात शिरला होता. आतून पाहायचे आहे असे त्यानेही आधी कोणाला कळवले नव्हते.

कालच्या संभाषणाच्या शेवटी आपण मला ५०० रुपयांचे कूपन देऊ केलेत. अटी वाचल्या. ते तीन महिन्यांत, फक्त सोमवार ते गुरुवार निघणाऱ्या सहलींना चालते. सोमवारचे आपल्याला इतके अगत्य का आहे हे मला समजलेले नाही. मूळ कूपन सोबत परत पाठवत आहे.

माझ्या मागण्या दोनच आहेत. अजिंठा हा या सहलीचा निम्मा भाग होता, म्हणून दोघींच्या भरलेल्या १५,८०० रुपयांपैकी ७,९०० रुपये, तसेच मंगळवारचा मुक्काम, प्रवास, डोली व तिकिटे मिळून झालेला ४,२६० रुपयांचा खर्च, असे एकूण १२,१६० रुपये या पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. ज्यांच्या पावत्या मिळतात त्या जोडल्या आहेत. डोलीवाले पावती देत नाहीत. दुसरे म्हणजे, त्या बसमध्ये आणखी बत्तीस जण होते आणि अजिंठा त्यांच्याही नावावर ‘कव्हर्ड’ आहे. त्यांनाही आपण स्वतःहून पैसे परत करावेत.

हे न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या दोन्ही कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपल्या नियमावलीच्या शेवटच्या पानावर ‘सर्व वाद मुंबईच्या अधिकारक्षेत्रात’ असे बारीक अक्षरात छापले आहे. कायद्याने मला मी राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते, एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मी निवृत्त आहे. मला वेळ भरपूर आहे, आणि दिनदर्शिकाही आहे.

वडिलांनी आम्हा भावंडांना घेऊन केलेल्या पहिल्या सहलीपासून आमच्या घराचा प्रवास आपल्याकडेच होत आला. शेजारपाजारच्या निदान दहा कुटुंबांना मी आपले नाव सुचवले. त्या प्रत्येकाला मी आता हे पत्र वाचायला देणार आहे, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही.

उत्तर लेखीच द्यावे. दूरध्वनी करू नये. करायचाच झाला तर सोमवारी करावा. त्या दिवशी मी बंद असते.

आपली माजी ग्राहक

सोबत : २०१७ व २०२५ ची प्रवेश तिकिटे (छायाप्रती), खर्चाच्या पावत्या, संभाषणाची टिपणे, कूपन (मूळ प्रत).